शिलावर्तुळांचा नोंदसंच : पत्रके अव्वल, होकायंत्र बेभरवशाचे

प्रागैतिहासिक पाषाणस्मारकांची नोंद घेणाऱ्या हौशी स्वयंसेवकांसाठी पुण्यातील एका लहान उद्योगाने तयार केलेला साहित्यसंच गेल्या हिवाळ्यापासून आमच्या गटाच्या वापरात आहे. नोकरीधंदा सांभाळून, सुट्ट्यांना सुट्ट्या जोडून विदर्भात जाणारे आम्ही काही पुणेकर असल्यामुळे संचाची खरी कसोटी नागपूर परिसरातील शिलावर्तुळांवर, म्हणजे दगड गोलाकार मांडून केलेल्या प्राचीन स्मारकांवर, लागली. गटातील एक ज्येष्ठ ताई इंग्लंडला लेकीकडे गेल्या, तेव्हा त्यांनी एक संच सोबत नेला आणि डेव्हनमधील डार्टमूरवर तिथल्या स्वयंसेवकांबरोबर तो वापरून पाहिला. ही दुहेरी परीक्षा अनाठायी नव्हती. सोबतच्या पुस्तिकेतच असे म्हटले आहे, की ब्रिटनमधील मूर, म्हणजे उंचावरची, पाणथळ आणि झुडपांनी वेढलेली ओसाड माळराने, यांवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांची पद्धत समोर ठेवून हा संच आखलेला आहे. सुधारित आवृत्ती येणार असल्याचे सांगितले जाते, म्हणून निर्मात्याचे आणि दुकानाचे नाव न देता केवळ वस्तूबद्दल लिहितो.

आधी या कामाचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय संचातील कोणती वस्तू कामाची आणि कोणती शोभेची हे ठरवता येत नाही. डार्टमूरचे राष्ट्रीय उद्यान ९५४ चौरस किलोमीटरचे आहे. त्यात कांस्ययुगीन गोल घरांची हजारो जोती, सत्तरहून अधिक पाषाणरांगा, शिलावर्तुळे आणि दगडी पेट्यांची थडगी विखुरलेली आहेत. एर्म नदीच्या वरच्या खोऱ्यातील एक रांग तर तीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. मात्र या रांगांमधले बरेचसे दगड गुडघ्याएवढेही उंच नाहीत. उन्हाळ्यात नेच्यांचे रान माजले किंवा हेदरची झुडपे वाढली, की ते दिसेनासे होतात, काही पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, थरात बुडतात आणि काहींच्या आसपास गुरे बसून जमीन उकरतात. म्हणून तिथे एकदा यादी केली आणि काम संपले, असे होत नाही. तेच दगड वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा पाहावे लागतात आणि दरवेळच्या नोंदीची मागच्या नोंदीशी तुलना करता आली पाहिजे. एवढी पायपीट पगारी संशोधकांच्या आवाक्यातली नाही. नॉर्थम्बरलँडमधील शिळांवर कोरलेले खळगे आणि वलये स्टॅन बेकन्सॉल या शाळामास्तरांनी दशकानुदशके हौसेने नोंदवली आणि तो संग्रह पुढे न्यूकॅसल विद्यापीठाकडे गेला. २००४ ते २००८ या काळात नॉर्थम्बरलँड आणि डरहॅम या परगण्यांत, त्यानंतर यॉर्कशरमधील रॉम्बल्ड्स मूरवर आणि २०१७ ते २०२१ या काळात स्कॉटलंडमध्ये स्वयंसेवकांना रीतसर शिकवून अशा शिळांच्या नोंदी घेतल्या गेल्या. या सर्व उपक्रमांचे मर्म एकच होते : हात वेगवेगळे असले तरी पत्रक एक, मोजण्याची रीत एक आणि शंका नोंदवण्याची भाषाही एक.

विदर्भाशी याचा संबंध ओढूनताणून लावलेला नाही. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील वर्तुळांमधल्या मोठ्या दगडांवर छोटे वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांची नोंद केली आणि ब्रिटनमधील तशाच खळग्यांशी त्यांची तुलनाही केली. ब्रिटनमधल्या त्या खळग्यांचा पद्धतशीर अभ्यास १८६७ मध्ये सर जेम्स सिम्प्सन यांनी मांडला होता. भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरणारे एडिंबरोचे प्रसिद्ध डॉक्टर ते हेच. दोन्हीकडचे खळगे सारखे दिसतात म्हणून ते कोरणारी माणसे एकमेकांची नातलग ठरत नाहीत, हे उघड आहे. डार्टमूरवरील बहुतेक स्मारके कांस्ययुगातली किंवा त्याच्या थोडी आधीची, तर विदर्भातील शिलावर्तुळे लोहयुगातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथील शां. भा. देव यांच्या उत्खननांमधून त्यांतली लोखंडी अवजारे, घोड्यांचे अलंकार आणि नायकुंडची लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. देव पुढे डेक्कन कॉलेजचे संचालक झाले, त्यामुळे पुण्यात बसून विदर्भातील दगडांची चिंता करण्याची परंपरा आमच्यापासून सुरू झालेली नाही.

आता संचाकडे वळतो. संचात जाड कापडाची पाठपिशवी, तीस मीटरची फायबर टेप, पाच मीटरच्या दोन पोलादी टेपा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची घडीची मीटरकाठी, छायाचित्रासाठी दहा सेंटिमीटरची मोजपट्टी व उत्तरदर्शक बाण, होकायंत्र, दोन ब्रश, विजेरी, दोरी व लोखंडी खुंट्या, रंगीत खडू, पेन्सिली आणि छापील नोंदपत्रकांचा पन्नास पानी गठ्ठा इतके साहित्य आहे. किंमत साडेचार हजारांच्या आसपास पडते. पिशवी उघडल्यावर हात आधी टेपेकडे आणि होकायंत्राकडे जातो. प्रत्यक्षात या संचाची सगळी किंमत त्या पत्रकांच्या गठ्ठ्यात आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

पत्रक दोन्ही बाजूंनी छापलेले आहे आणि ते ज्याने आखले त्याने माळावर उन्हापावसात उभे राहून काम केलेले असणार. पहिली गोष्ट म्हणजे ‘काय दिसते’ आणि ‘काय असावेसे वाटते’ यांसाठी स्वतंत्र चौकटी आहेत. हौशी माणसाच्या नोंदीत या दोहोंची गल्लत हमखास होते. तो ‘थडगे’ असे लिहून मोकळा होतो आणि वीस वर्षांनी ते पत्रक वाचणाऱ्याला तिथे दगडांचा ढीग होता, की कडे होते, की नुसता उंचवटा होता, हे कळायला मार्ग उरत नाही. या पत्रकात आधी वर्णन लिहावेच लागते : दगड किती, उभे किती, आडवे किती, सर्वांत उंच दगडाची उंची, वर्तुळाचे दोन काटकोनी व्यास, आतील भराव उंच आहे की खचलेला. अर्थ लावण्याची चौकट पान उलटल्यावर येते आणि तिच्यासमोर खात्रीच्या चार पायऱ्या दिलेल्या आहेत. दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. ‘शोधले, पण सापडले नाही’ अशी एक स्वतंत्र नोंद करता येते आणि तिच्यात कोणत्या महिन्यात शोधले, गवत किती उंच होते आणि किती रुंदीचा पट्टा पायाखाली घातला, हे लिहावे लागते. जुन्या नकाशावर दाखवलेले वर्तुळ शेतात विरघळून गेले आहे, की आपणच चुकीच्या हंगामात गेलो, हा फरक कळण्यासाठी अशी नोंद अत्यावश्यक असते. ताईंच्या सांगण्यानुसार डार्टमूरवरील मंडळींनाही ही चौकट विशेष आवडली, कारण नेच्यांच्या दिवसांत तिथे निम्मी पत्रके अशीच भरावी लागतात.

खळग्यांसाठीचे जोडपत्र तर नमुनेदार आहे. त्यावर पाच सेंटिमीटरच्या जाळीची चौकट छापलेली असून प्रत्येक खळग्याचा व्यास, खोली आणि कडेचे स्वरूप लिहिण्यासाठी ओळी आहेत. नागपूरकडचे दगड बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचे. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे या दगडात मुळातच पोकळ्या असतात आणि वाऱ्यापावसाने त्या उघड्या पडल्या की नवशिक्याला खळगे कोरल्याचा भास होतो. जोडपत्रात त्यासाठी तपासणीचे प्रश्न आहेत : खळग्याची आतली बाजू गुळगुळीत आहे की खरखरीत, आकार सारखे आहेत की लहानमोठे, ते ओळीत येतात की दगडभर विखुरलेले आहेत, दगडाच्या बाजूंवर आणि खालच्या अंगालाही तशाच पोकळ्या आहेत का. शेवटच्या प्रश्नाने आमच्या गटातल्या कित्येक हौशी शोधांचा निकाल जागेवर लागला. सकाळच्या तिरप्या उन्हात एका दगडावर दोन ओळींत मांडलेले खळगे स्पष्ट दिसत होते. ऊन वर चढल्यावर त्याच दगडावर बोट फिरवूनच ते शोधावे लागले. म्हणून छायाचित्राची वेळ लिहिण्याची चौकट जोडपत्राच्या अगदी माथ्यावर ठेवली आहे, आणि ती जागा बरोबर आहे.

तरीही पत्रकात परक्या मातीच्या खुणा जागोजागी राहून गेल्या आहेत. कालखंडाच्या रकान्यात नवाश्मयुग, कांस्ययुग आणि ‘अनिश्चित’ एवढेच पर्याय आहेत. ज्या प्रदेशातील वर्तुळे लोहयुगीन आहेत, त्या प्रदेशात विकायच्या पत्रकावर लोहयुगच नसावे, याला काय म्हणावे? स्थाननिर्देशाच्या ओळीत सुरुवातीला दोन रोमन अक्षरांसाठी घरे आखलेली आहेत. ती ब्रिटिश नकाशाच्या चौकोनांसाठी असतात. आपल्याकडे त्यांचा काडीचा उपयोग नाही. ‘उत्तरकालीन वापर’ या शीर्षकाखाली फाटकाचा खांब, कुंपणाची भिंत, गुरांना अंग घासण्यासाठी रोवलेला दगड असे पर्याय दिले आहेत. डार्टमूरवर ते योग्यच आहेत, कारण तिथे शेतकऱ्यांनी जुने दगड उचलून खांब केले आणि गुरांसाठी नवे दगडही रोवले, त्यामुळे कोणता दगड किती जुना हा घोळ नेहमीच होतो. आपल्याकडचा घोळ निराळा आहे. इथे शेताच्या बांधाचे आणि शिवेचे दगड आहेत, वीरगळ आणि सतीशिळा आहेत, आणि कोणत्याही काळातल्या दगडाला शेंदूर लागून त्याचा देव झालेला असतो. पूजेत असलेल्या दगडासाठी या पत्रकात जागाच नाही. अशा दगडाला हात लावण्याआधी गावातल्या जाणत्या माणसाला विचारावे, शेंदूर खरवडू नये, पूजेची वेळ टाळून मोजमाप घ्यावे, एवढ्या तीन ओळी तरी पुस्तिकेत हव्या होत्या.

उपकरणांबद्दल थोडक्यात सांगतो. टेपा आणि मीटरकाठी चोख आहेत. फायबरची टेप ओढून धरल्यावरही मापात फरक पडलेला दिसला नाही. ब्रश मऊ केसांचे आहेत आणि तारेचा ब्रश दिलेला नाही, ही शहाणपणाची गोष्ट आहे. दगडावरचे दगडफूल खरवडले, की त्याबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो.

होकायंत्राची कथा मात्र वेगळी आहे. ते बनावटीने वाईट नाही. डार्टमूरवर त्याने काही त्रास दिला नाही, कारण तिथला ग्रॅनाइट सुईला फारसा खेचत नाही. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे असतात आणि वीज पडलेल्या दगडाजवळ तर सुई पार भरकटते. वर्तुळातल्या मोठ्या दगडावर होकायंत्र टेकवून घेतलेला कोन आणि चार पावले मागे येऊन छातीपाशी धरून घेतलेला कोन यांत आम्हाला डोळ्यांना जाणवेल इतका फरक आढळला. पुस्तिकेत याबद्दल चकार शब्द नाही. उलट ‘होकायंत्र दगडाच्या माथ्यावर स्थिर ठेवावे’ अशी सूचना आहे. खळग्यांच्या ओळी कोणत्या दिशेला रोखलेल्या आहेत, हा जुनापाणीसारख्या ठिकाणी अभ्यासाचा विषय झालेला असताना, अशा सूचनेबरहुकूम गोळा केलेले कोन निरुपयोगीच नव्हेत, तर दिशाभूल करणारे ठरतील. मोबाइलमधला होकायंत्राचा अ‍ॅपदेखील चुंबकीय संवेदकावरच चालतो, तेव्हा तोही इथे तारणहार नव्हे. आम्ही अखेर दूरवरच्या दोन ठिकाणांचे उपग्रहाधारित स्थान घेऊन त्यांच्यामधली पायारेषा ठरवतो आणि तिच्यापासून टेपने त्रिकोण टाकून वर्तुळ कागदावर उतरवतो. वेळ दुप्पट लागतो, पण आकृती विश्वासार्ह होते.

स्थानाच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरांत सांगण्याची पद्धत. तिच्यानुसार पुणे ४३ व्या पट्ट्यात येते आणि नागपूर ४४ व्या. दोहोंच्या मधली सीमा ७८ अंश पूर्व रेखांश ही आहे. पुण्यात घरी बसून सज्ज केलेले यंत्र तसेच नागपूरला नेले आणि पट्टा न लिहिता नुसते आकडे टिपले, तर ते वर्तुळ नकाशावर भलत्याच ठिकाणी जाऊन पडते. शिवाय पृथ्वीचा आकार कसा मानला, यावरही आकडे बदलतात : भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ‘एव्हरेस्ट’ नावाच्या लंबगोलावर आधारलेले आहेत, तर उपग्रहाचे आकडे ‘डब्ल्यूजीएस ८४’ या जागतिक आधारपद्धतीवर. ते एकमेकांत मिसळल्यास चूक शेकडो मीटरांची होते. पत्रकात पट्टा आणि आधारपद्धती यांसाठी दोन छोटी घरे वाढवली, तर हा प्रश्नच मिटेल.

खडू आणि खुंट्या संचातून काढूनच टाकाव्यात. खळगे छायाचित्रात उठून दिसावेत म्हणून त्यांत खडू भरण्याची जुनी पद्धत होती. ती आता निषिद्ध मानली जाते, कारण खडूची भुकटी दगडाच्या रंध्रांत राहते, पुढच्या अभ्यासाला बाधा आणते आणि कडा कुठे संपते हे कॅमेऱ्याऐवजी खडू धरणाराच ठरवून टाकतो. त्याऐवजी अंधार पडल्यावर विजेरीचा झोत बाजूने तिरपा टाकावा. संचातली विजेरी त्यासाठी उत्तम आहे. लोखंडी खुंट्यांचे प्रकरण तर कायद्यापर्यंत जाते. विदर्भातील अनेक शिलावर्तुळे केंद्रसंरक्षित आहेत आणि १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार तिथे विनापरवाना जमीन खणणे किंवा उकरणे चालत नाही. वर्तुळाच्या आत वीतभर खोलीवरही अवशेष असू शकतात, तिथे दोरी ताणण्यासाठी हातोडीने खुंटी ठोकणे म्हणजे ज्याची नोंद घ्यायची त्यालाच भोसकणे होय. ब्रिटनमध्येही संरक्षित स्मारकांना १९७९ चा कायदा लागू आहे, आणि ताईंच्या पिशवीतल्या खुंट्या पाहून तिथल्या गटप्रमुख बाईंनी त्या हसत हसत, पण तत्परतेने, स्वतःच्या गाडीत ठेवून दिल्या. रेतीने भरलेल्या लहान पिशव्यांना दोरी बांधली, तरी काम भागते.

कागदाची परीक्षा डार्टमूरच्या धुक्यात आणि भुरभुर पावसात झाली. त्यावर बॉलपेन चालत नाही, पेन्सिल मात्र ओल्या पानावरही ठळक उमटते आणि वाळल्यावर पुसट होत नाही. विदर्भाच्या उन्हात गठ्ठ्याच्या कडेचा गोंद सुटला आणि पाने मोकळी झाली. त्यांना आता आम्ही क्लिपबोर्ड लावतो. पिशवीचा डावा पट्टा उसवला, तो घरी शिवून घेतला.

दुकानाचा अनुभव अस्सल पेठी म्हणावा असा आहे. अप्पा बळवंत चौकाजवळच्या या दुकानात माहिती विचारली तर मिळते, पण विचारावीच लागते. खडू आणि खुंट्या वगळून संच द्याल का, असे मी विचारले, तेव्हा काउंटरमागच्या काकांनी चष्म्यावरून पाहत उत्तर दिले, “खडू नको असेल तर नातवाला द्या. संच फोडून मिळत नाही.” तुटलेली मोजपट्टी त्यांनी बिल न मागता बदलून दिली, हेही नमूद केले पाहिजे.

राहता राहिला एक मोठा प्रश्न : भरलेल्या पत्रकांचे पुढे काय करायचे? पुस्तिका याबाबत केवळ ‘योग्य त्या संस्थेकडे सुपूर्द करावीत’ असे सांगून मोकळी होते. इंग्लंडमध्ये स्थानिक पातळीवर वारसास्थळांची अधिकृत नोंदवही ठेवलेली असते आणि स्वयंसेवकाची नोंद तपासून तीत दाखल होण्याची वाट ठरलेली असते. आपल्याकडे २००७ मध्ये स्मारके आणि पुरावस्तूंच्या नोंदणीसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. मात्र माळावरून परतलेल्या हौशी माणसाने आपले पत्रक नेमके कोणाच्या हाती द्यावे, हे त्याला कोणीतरी नाव-पत्त्यासह सांगायला हवे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नागपूर मंडळ, राज्याचे पुरातत्त्व संचालनालय, नागपूर विद्यापीठाचा प्राचीन इतिहास विभाग आणि आपले डेक्कन कॉलेज, एवढ्या चार ठिकाणांचे पत्ते पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर सहज मावले असते. पत्रकावर ‘स्थान जाहीर करू नये’ अशी खूण करण्याची सोय आहे, ती मात्र दूरदृष्टीची म्हटली पाहिजे. अचूक अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर टाकण्याच्या हौसेचा फायदा गुप्तधनाच्या नादाने खणणाऱ्यांना आधी होतो.

संपूर्ण संच विकत घ्यावा, असे मी कोणाला आज सांगणार नाही. टेपा आणि मीटरकाठी बोहरी आळीत याहून स्वस्त मिळतात, विजेरी घरात असतेच, आणि होकायंत्रावाचून बेसॉल्टच्या मुलखात फारसे अडत नाही. पत्रकांचे गठ्ठे मात्र त्याच दुकानात सुटे मिळतात, जोडपत्रांसह. ते घ्यावेत, कालखंडाच्या रकान्यात लोहयुगाचा शिक्का घरीच करून मारावा, रोमन अक्षरांच्या दोन घरांत यूटीएमचा पट्टा लिहावा आणि पाठीमागच्या समासात पूजेची नोंद करावी. आमचा गट येत्या हिवाळ्यात असेच करणार आहे. गठ्ठे मागताना ‘जोडपत्रासह’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर काका नुसती मुख्य पत्रके बांधून देतात.